पाऊण सूत: बासच्या तारा किती वर ठेवायच्या

दिवसा मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये असतो आणि गणपती-नवरात्रात, लग्नसराईत रात्री ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. दोन्हीला वीसेक वर्षं होऊन गेली. त्यामुळे नवीन मुलं विचारतात, "काका, ॲक्शन किती ठेवू?", म्हणजे तारा फ्रेटपासून किती उंच, तेव्हा माझ्या तोंडून आधी फिटरचं उत्तर निघतं: जाड तारेला पाऊण सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा पाऊण सूत झालं साधारण 2.4 मिलिमीटर. बारीक तारेला 2 मिलिमीटर. मोजायचं 17 व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या), फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत, तार न दाबता. फेंडर पद्धतीचे चार तारांचे बास बहुतेक याच मापाच्या आसपास लावलेले सापडतात आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतंही.

ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

मला हे कळायला एक अख्खा गणपती घालवावा लागला. त्या वर्षी मी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, 1.5 मिलिमीटरपर्यंत खाली आणली होती. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन लावून वाजवायचो. बोटं नुसती धावायची, वाटायचं इतकी वर्षं उगाच कष्ट काढले. मग चौथ्या दिवशी एका सोसायटीच्या मैदानात कार्यक्रम. ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, आणि माझा मॉनिटर, म्हणजे स्वतःला ऐकायचा स्पीकर, गायिकेकडे तोंड करून ठेवलेला. मला माझंच काही ऐकू येईना. ऐकू आलं नाही की हात आपोआप जड होतो, हे कुठल्याही बासवाल्याला विचारा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवला. लावणी सुरू झाली की जाड तारेच्या प्रत्येक सुराआधी ‘टक्’, आणि टक् नंतर पोकळ. साउंडवाल्याने बिचाऱ्याने बासचा फेडर वर नेला होता. वर गेलं ते टक्.

कारण साधं आहे. मोकळी ई तार सेकंदाला 41 वेळा हलते, म्हणजे सावकाश आणि मोठे झोके घेत. जितकं जोरात ओढाल तितका झोका रुंद. खाली फ्रेट जवळ असेल तर झोका तिथे आपटतो आणि तुमच्या बोटाने दिलेला जोर सुरात न जाता खडखडाटात जातो. त्यापुढे कितीही जोर लावा, सूर मोठा होत नाही. तार जितकी खाली, तितकं तुमच्या आवाजाचं छत खाली. हळू वाजवणाऱ्याला ते छत कधी लागतच नाही, म्हणून घरी सगळं छान वाटतं.

तेव्हापासून मी ॲक्शन घरच्या हाताला लावत नाही, स्टेजच्या हाताला लावतो. आकडा कुठलाही येवो.

सामान फार लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो तो फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), बासबरोबर आलेल्या ॲलन की आणि ट्यूनर. पट्टी वाचायला डोळे साथ देत नसतील, तर जुनी एटीएम कार्डं घ्या. कार्डाची जाडी जगभर 0.76 मिलिमीटर ठरलेली आहे. तीन कार्डं एकावर एक म्हणजे सुमारे 2.3, दोन म्हणजे दीडच्या आसपास. फक्त आकडे उठावाचे नसलेली, सपाट कार्डं हवीत. फीलर गेज नसेल तर तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याकडून तुटलेली दुसरी तार मागून घ्या. 10 च्या सेटमधली (पहिली तार .010 इंचाची असते तो) दुसरी तार .013 इंचाची असते, म्हणजे 0.33 मिलिमीटर. तिचं काम पुढे सांगतो.

पहिली गोष्ट, बास सुरात लावा. ही सूचना फालतू वाटते, पण निम्मी मुलं इथेच चुकतात. तारांचा ताण मानेला वाकवतो, तेव्हा ज्या ताणावर वाजवणार त्याच ताणावर मोजायचं. आमच्याकडे काही जण गायकाच्या काळी चार, काळी पाचच्या भानगडीला कंटाळून चारही तारा अर्धा सूर उतरवून ठेवतात. अर्धा सूर उतरला की ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो. तार सैल, झोका मोठा, मान जरा सरळ, आणि वरच्या सुरात नीट वाटणारी ॲक्शन लगेच खडखडायला लागते. तुम्ही उतरवूनच वाजवणार असाल तर उतरवूनच मोजा. आणि बास पलंगावर आडवा टाकून मोजू नका. मांडीवर घ्या, वाजवताना धरता तसा.

दुसरी गोष्ट मानेचा बाक. झोका मधोमध सगळ्यात रुंद असतो, म्हणून मान अगदी सरळ नसावी, पुढच्या बाजूला किंचित खोलगट असावी. पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने ई तार दाबा (कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, असेल तर उत्तम), उजव्या कोपराने किंवा मित्राच्या बोटाने शेवटचा फ्रेट दाबा. आता ती तारच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा. 0.3 मिलिमीटरच्या आसपास हवी. इथे ती तुटलेली तार कामाला येते: फटीत सरकली आणि जाड तार उचलली गेली नाही, तर फट पुरेशी. सैल फिरत असेल तर बाक जास्त. शिरलीच नाही तर मान फारच सरळ, किंवा उलटी वाकलेली.

बाक कमी करायला ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने, वाढवायला उलट. एका वेळी आठवा हिस्सा फेरा, फार तर पाव. मग परत सुरात लावा, पुन्हा मोजा, आणि शक्य असेल तर रात्रभर तसाच ठेवून सकाळी बघा. लाकूड लोखंडासारखं लगेच ऐकत नाही. ॲलन की घट्ट बसते की नाही हे आधी तपासा. माझ्या ओळखीच्या एकाने रॉडच्या इंचाच्या नटाला मिलिमीटरची की लावून नटाच्या आतले कोपरेच खाऊन टाकले. मग मान काढून ड्रिल करावं लागलं आणि त्या खर्चात नव्या तारांचे चार सेट आले असते. रॉड फिरताना अडखळतोय असं वाटलं तर थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: ट्रस रॉड हे ॲक्शन लावायचं हत्यार नाही. रॉड पिळला की तार खाली आल्यासारखी दिसते खरी, पण ती मान सरळ झाल्यामुळे. रॉडने बाक लावायचा, उंची ब्रिजवर, म्हणजे अंगावर जिथे तारा टेकतात तिथे, लावायची. सायकलची सीट वर करायला कुणी टायरमध्ये जास्त हवा भरत नाही.

आता दुसऱ्या नटाबद्दल थोडक्यात, मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्यावर टिचकी मारा. वर्तमानपत्राच्या कागदाएवढी फट आणि बारीक ‘टिक’ आला की झालं. फट जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचा एफ दाबताना बोट दुखतं आणि सूर चढा लागतो. खाच फार खोल गेली असेल तर फक्त मोकळी तार खरखरते. नटाची खाच घासणं हे काम मी टूलरूमचा माणूस असूनही बाहेर देतो. मोजून मापून घासताना दोनदा जास्त घासलं आहे, आणि घासलेलं परत येत नाही.

आता ब्रिज. इथे थोडं गणित सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. सॅडल (ब्रिजवरचा प्रत्येक तारेचा टेकू) 1 मिलिमीटर वर उचललं की तार 12 व्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उचलली जाते, कारण 12 वा फ्रेट नट आणि ब्रिजच्या बरोबर मध्ये आहे. 17 व्या फ्रेटवर ती सुमारे 0.62 ने उचलली जाते. माझ्या ब्रिजचे उंचीचे स्क्रू एम-3 आहेत, त्यांचा पिच 0.5, म्हणजे एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर. म्हणजे दोन्ही स्क्रूंचा एक पूर्ण फेरा दिला की 17 व्या फ्रेटवर साधारण 0.3 मिलिमीटरचा फरक. पाव फेऱ्याला एक केसाएवढा. हे एकदा डोक्यात बसलं की अंदाजाने पिळणं बंद होतं. अमेरिकी बनावटीच्या बासवर स्क्रू इंचाचे असू शकतात, तेव्हा आपल्या बासवर एक फेरा देऊन फरक मोजून घ्या आणि लिहून ठेवा.

यावरूनच आणखी एक घोळ सुटतो. कुणी म्हणतो माझी ॲक्शन 2.2, कुणी म्हणतो 2.6, आणि दोघांचे बास हाताला सारखेच लागतात. एकाने 12 व्या फ्रेटवर मोजलेलं असतं, दुसऱ्याने 17 व्या. दुसऱ्याचा आकडा ऐकताना आधी फ्रेट विचारा.

वर उचलताना तार जरा सैल करा. ते पिटुकले स्क्रू जाड तारेच्या ताणाखाली फिरवले की त्यांची डोकी खराब होतात. उचला, सुरात लावा, मोजा. ई तारेला 2.4, ए ला 2.3, डी ला 2.1, जी ला 2. मानेची पट्टी आडवी गोलसर असते, त्या गोलाईच्या मागोमाग चारही तारा जायला हव्यात. मधल्या दोन कडेच्या तारांच्या रेषेत सपाट लावल्या, तर ए आणि डी फ्रेटच्या जास्त जवळ जातात आणि मग खरखर कुठून येतेय हेच कळत नाही. सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे ठेवा, एक तिरकं सॅडल सगळा हिशेब बिघडवतं.

इथपर्यंत सगळ्यांचं सारखं. आता तुमचा हात.

उभे राहा, पट्टा लावा, बास स्टेजवर जिथे लोंबतो तिथेच लोंबू द्या. अँपवर या, हेडफोनवर नको. मोबाइलवर ढोलकीचा किंवा ड्रमचा ठेका मोठ्याने लावा, आणि अँपचा आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवा, इतका की स्वतःला ऐकायला तुम्हाला जोर लावावा लागेल. तुमच्या कार्यक्रमातलं सगळ्यात दणदणीत गाणं घ्या आणि पाच मिनिटं वाजवा. पहिल्या मिनिटाला हात अजून घरचाच असतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खरा हात येतो. शेवटच्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करा, मोबाइल अँपपासून दहा-बारा फुटांवर ठेवून.

ऐकताना दोन गोष्टी वेगळ्या करा. बासजवळ कान नेला तर थोडी खरखर ऐकू येईलच. अँपमधून येत नसेल तर ती सोडून द्या, प्रेक्षकाला ती कधीच पोहोचणार नाही. अँपमधून टक् येत असेल आणि सूर मागे छोटा पडत असेल, तर त्या तारेला पाव फेरा वर. पुन्हा वाजवा. टक् गेलं की थांबा. मी त्यावर आणखी पाव फेरा देतो, कारण खऱ्या स्टेजवर हात माझ्या अंदाजापेक्षाही जड पडतो. माझी ई तार अशी 2.6 वर येऊन थांबली. पाऊण सुताच्या थोडी वर.

उलट बाजूनेही बघा. जोरात वाजवूनही कुठे काही लागत नसेल, तर तुम्ही उगाच उंच चढवून ठेवली आहे. पाव-पाव फेरा खाली या. तीन तासांच्या कार्यक्रमात उंच तारेचं भाडं बोटं आणि मनगट भरतात. शिवाय उंच तार दाबताना जास्त ताणली जाते आणि वरच्या फ्रेटवर सूर चढतो. 3 मिलिमीटरच्या वर गेल्याशिवाय खडखड जातच नसेल, तर दोष ॲक्शनमध्ये नाही, तो दुसरीकडे शोधा.

कुठे शोधायचा ते खरखर कुठे येते त्यावरून कळतं. फक्त मोकळी तार बोलत असेल तर नट. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर मान जास्त सरळ, रॉड जरा ढिला करा. बाराव्याच्या पुढे सगळीकडे असेल तर ब्रिज खाली आहे, किंवा मान जिथे अंगाला जुळते तिथे पट्टीला उंचवटा आलाय. एकाच फ्रेटवर एकाच तारेला असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला आहे. एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवून डोलते का बघा. डोलली तर मधला फ्रेट उंच. तो ठोकून बसवणं किंवा घासणं हे दुरुस्तीवाल्याचं काम. एका उंच फ्रेटसाठी चारही तारा वर उचलून आयुष्यभर त्रास काढणारे लोक मी पाहिलेत.

गंमत अशी की ज्या खरखरीपासून आपण पळतो, तिच्यासाठी मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी तासन्‌तास घासतात. तिथे तिला जव्हारी म्हणतात आणि ती उघडली नाही तर गवई तंबोरा परत पाठवतो. रॉकवाले पिकने वाजवताना थोडी जव्हारी मुद्दाम ठेवतात, गिटारच्या गर्दीत बास उठून दिसतो म्हणून. तेव्हा प्रत्येक खरखर मारलीच पाहिजे असं नाही. फक्त ती तुम्ही ठेवलेली असावी.

वादनाच्या पद्धतीने फरक पडतोच. अंगठ्याने स्लॅप मारणारे तारा खाली ठेवतात, कारण तार फ्रेटवर आपटणं हाच तिथे आवाज आहे आणि अंगठ्याला कमी अंतर जायचं असतं. फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बासवर, तार लाकडाजवळ असली की तो गुणगुणणारा, लांबणारा सूर निघतो. दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटचे बासवादक जेम्स जेमर्सन. मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर त्यांचा 1962 चा फेंडर प्रिसिजन बास वाजतो. जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, त्या ते बदलायचे नाहीत, ॲक्शन भरपूर उंच, आणि उजव्या हाताचं एकच बोट. ती उंची आपल्या हाताला झेपेल असं समजू नका. मी आठवडाभर तसं करून पाहिलं आणि लग्नाच्या कार्यक्रमात तिसऱ्या तासाला करंगळी बंद पडली.

आमच्या सोसायटीतली एक बारावीतली मुलगी गेल्या वर्षी बास शिकायला लागली. तिचा हात हलका, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते. तिने माझा 2.6 चा आकडा वहीत उतरवून घेतला होता. तो खोडायला लावला. तिच्या बासवर वरची परीक्षा घेतली तेव्हा ई तार 2 वर आणि जी 1.7 वर स्वच्छ बोलली. "काका, मग तुमचा आकडा चुकीचा होता का?" तिने विचारलं. तिचा हात माझ्या बासवर ठेवून ई तार ओढायला सांगितली. मग माझा हात तिच्या बासवर. तिच्या बासने माझ्या हाताखाली जे काही केलं ते ऐकून तिची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

हवामानाला विसरू नका. पुण्यात मे महिन्यात लाकूड सुकतं, जुलैत फुगतं, आणि मान हलते. कुठल्या बाजूला हलेल ते त्या त्या मानेवर आहे. माझ्या बासचा बाक पावसाळ्यात वाढतो, आमच्या दुसऱ्या बासवाल्याचा त्याच दिवसांत कमी होतो. म्हणून जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा बाक मोजायचा. बाक परत 0.3 वर आणला की ॲक्शन बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते, सॅडलला हात लावावाच लागत नाही. उन्हाळ्यात मानेच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली, तर समजा लाकूड आकसलंय. आणि बास गाडीच्या डिकीत भर दुपारी ठेवून जेवायला जाऊ नका, एवढं हात जोडून सांगतो. तारांची जाडी बदललीत तरी हे सगळं पुन्हा: 45-105 (बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) वरून जाड सेटवर गेलात की ताण वाढतो, बाक वाढतो.

उंची ठरली की दोन कामं राहतात. 12 व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. मग पिकअप, म्हणजे तारेची हालचाल पकडणारे चुंबक. तारा खाली आणल्या असतील तर त्या चुंबकांच्या जवळ गेल्या आहेत. शेवटचा फ्रेट दाबून ई तार आणि पिकअपमधलं अंतर बघा, 2.5 ते 3 मिलिमीटर ठेवा. फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि सूर डळमळतो, आणि तुम्ही बसता ॲक्शनला दोष देत.

कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचल्यावर खडखडायला लागलं तर काहीही पिळू नका. आधी मॉनिटर स्वतःकडे वळवून घ्या, नाहीतर साउंडवाल्याला "दादा, बास थोडा माझ्याकडे द्या" म्हणा. स्वतःचा आवाज कानावर पडला की हात हलका होतो आणि निम्मी खडखड तिथेच जाते. उरलेल्या निम्म्यासाठी उजवा हात दोन-तीन इंच ब्रिजकडे सरकवा. तिथे तार ताठ लागते, झोका लहान पडतो. सूर जरा कडक होतो, पण मैदानातल्या स्पीकरवर ते चालून जातं. माझी ॲलन की मी आता गाडीतच ठेवतो.